हवामान खराब आहे, डोंगरावर जावं की नाही? नव्या ट्रेकर्ससाठी टप्प्याटप्प्याने निर्णय

अंदाजात पाऊस दिसला की ग्रुपमध्ये लगेच दोन तट पडतात. काहींना पावसातच खरी मजा वाटते, तर काहीजण ट्रेक रद्द करा म्हणून मागे लागतात. 'खराब हवामान' ही एकच गोष्ट आहे असं दोन्ही बाजू धरून चालतात आणि तिथेच घोळ होतो. वारा, पाऊस, वीज, धुकं आणि गारठा या पाच वेगळ्या गोष्टी आहेत. प्रत्येकीचा धोका वेगळा, त्यावरचा उपायही वेगळा. रिमझिम पावसात मळलेल्या रुंद वाटेने दोन-तीन तास फिरून येणं नवख्यालाही जमतं. त्याच दिवशी शेजारच्या डोंगराच्या उघड्या धारेवर मात्र मुरलेल्या माणसानेही जाऊ नये अशी परिस्थिती असू शकते.

म्हणून हा निर्णय एका फटक्यात घेऊ नका. तो चार वेळा घ्या: आदल्या दिवशी, निघायच्या सकाळी, पायथ्याला आणि वाटेवर आधी ठरवलेल्या ठिकाणी. प्रत्येक वेळी पहिला प्रश्न असा विचारा: आपल्याला परत येता येईल का? चढताना अंगात ताकद असते, ऊब असते, पुढे दिवस असतो. उतरताना हे तिन्ही कमी झालेलं असतं आणि सकाळी सहज ओलांडलेला ओढा बहुतेक वेळा त्याच सुमाराला फुगलेला असतो.

आदल्या दिवशी: अंदाज वाचायला शिका

फोनवरचं ॲप बहुधा पायथ्याच्या गावाचा अंदाज दाखवतं. तुम्ही जाणार आहात माथ्यावर. दर हजार मीटर उंचीला तापमान सरासरी साडेसहा अंशांनी उतरतं. म्हणजे पायथ्याशी १८ अंश असतील तर हजार मीटर वर ११-१२ अंश धरायचे. वाऱ्याचा फरक त्याहून मोठा असतो. खाली झाडाचं पानही हलत नसताना धारेवर उभं राहणं कठीण होऊ शकतं. खिंडीत तर दोन्ही बाजूंच्या डोंगरांमुळे वारा दाबला जातो आणि त्याचा वेग आणखी वाढतो. म्हणून उंचीनुसार अंदाज देणारं एखादं संकेतस्थळ बघा आणि त्याच्या जोडीला सरकारी हवामान खात्याचा इशाराही वाचा. दोन ठिकाणचे अंदाज जुळत नसतील तर हवेचं अजून काही नक्की नाही असं समजा आणि त्यातला वाईट अंदाज धरून योजना करा.

'पावसाची शक्यता ४० टक्के' याचा अर्थ दिवसातला ४० टक्के वेळ पाऊस पडणार असा होत नाही. तो किती जोराचा असेल हेही त्या आकड्यातून कळत नाही. बघायचं ते तासागणिक किती मिलिमीटर दाखवलाय ते. दिवसभरात मिळून २० मिलिमीटर पडणं आणि दुपारी एकाच तासात २० मिलिमीटर कोसळणं, यात ओढ्याच्या दृष्टीने जमीन-अस्मानाचा फरक आहे.

मागच्या तीन-चार दिवसांचा पाऊसही बघा. नवे लोक इथेच हमखास कमी पडतात. माती आधीच पाणी पिऊन तुडुंब झाली असेल तर नव्याने पडलेला पाऊस मुरत नाही, थेट ओढ्यात उतरतो. अशा वेळी उताराची माती सुटते, दरड येते, सुटे दगड घरंगळतात. आज ऊन पडलंय म्हणून कालचा धोका संपला असं होत नाही.

बऱ्याच देशांत पिवळा, नारिंगी आणि लाल असे रंगीत इशारे दिले जातात. लाल असेल तर ट्रेक रद्द, चर्चा नको. नारिंगी असेल तर नव्यांसाठी माझं उत्तर तेच. पिवळा असेल तर तो कशासाठी दिलाय ते वाचा, कारण विजेचा पिवळा आणि पावसाचा पिवळा यांचा अर्थ डोंगरावर वेगळा होतो. प्रशासनाने वाट बंद केली असेल तर 'मागच्या बाजूने जाऊ' असा विचारही करू नका. तिथे अडकलात तर तुम्हाला काढायला दुसऱ्यांना जीव धोक्यात घालून यावं लागतं.

वीज

अंदाजात गडगडाट असेल तर धार, माथा, उघडं पठार आणि एकटं झाड यांच्यापासून त्या वेळात दूर राहायचं. डोंगरात वादळी ढग बहुतेक दुपारनंतर उभे राहतात, कारण सकाळभर तापलेल्या जमिनीवरून वर जाणारी दमट हवा त्यांना वाढवत असते. त्यामुळे पहाटे निघून दुपारच्या आत खाली येणं हा चांगला बेत आहे, पण अंदाज सकाळपासूनच गडगडाट सांगत असेल तर तोही चालत नाही.

वाटेवर असताना वीज चमकली की आवाज येईपर्यंत सेकंद मोजा. तीन सेकंद म्हणजे साधारण एक किलोमीटर. तीस सेकंदांच्या आत आवाज आला तर वीज दहा किलोमीटरच्या आत आहे, म्हणजे तुम्ही तिच्या टप्प्यात आहात. लगेच खाली उतरायला लागा. शेवटचा गडगडाट ऐकल्यानंतर अर्धा तास पुन्हा वर जाऊ नका. पाऊस थांबला, वर निळं आकाश दिसायला लागलं, तरी हा अर्धा तास पाळायचा, कारण वीज पावसाच्या पट्ट्याबाहेरही पडते.

उथळ कपारीच्या तोंडाशी किंवा पुढे आलेल्या कातळाखाली आसरा घेण्याचा मोह होतो. तो टाळा. वीज जमिनीतून आणि ओल्या कातळावरूनही पसरते आणि कपारीच्या तोंडावर माणसातून उडी मारून जाऊ शकते. गटाने एकत्र गोळा होऊन बसू नका, अंतर ठेवा. एकाला झटका बसला तर मदत करायला बाकीचे शुद्धीवर हवेत.

वारा

वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की त्याचा धक्का चौपट होतो. ताशी ३० किलोमीटरला तुम्ही सहज चालत असाल तर ६० ला थोडा जास्त त्रास होईल असं वाटतं, पण प्रत्यक्षात अंगावर चौपट जोर येतो. अंदाजात सरासरी वेग आणि झोतांचा वेग असे दोन आकडे असतात, त्यातला झोतांचा आकडा बघा. सरासरी वाऱ्यात माणूस कलून चालायला शिकतो. पाडतो तो अचानक येणारा झोत, किंवा झोत अचानक थांबणं.

नव्यांसाठी माझं मोजमाप असं आहे: माथ्यावर ताशी ४० किलोमीटरपेक्षा जास्त झोत दाखवत असतील तर एका बाजूला दरी असलेली अरुंद धार टाळायची. ६० च्या पुढे असतील तर उघड्या माथ्यावर जायचंच नाही, झाडीतली किंवा दरीतली वाट धरायची. तीही पडायला आलेल्या झाडांखालून जाणारी नको. पोंचो, म्हणजे डोक्यावरून घालायचा सैल रेनकोट, घालून वाऱ्यात जाऊ नका. शिडासारखा फुगून तो माणसाला ओढतो आणि पायाखालचं दिसू देत नाही. अंगाबरोबर बसणारं रेन जॅकेट घ्या.

ओढा

आता सगळ्यात महत्त्वाचं. पावसाळी ट्रेकमध्ये ओढे ओलांडण्याचा धोका नवे लोक फार कमी लेखतात, म्हणून यावर जरा जास्त लिहितो.

हिशोब करून बघा. एका चौरस किलोमीटरवर ५० मिलिमीटर पाऊस पडला तर ते पाच कोटी लिटर पाणी होतं. कातळाच्या, उघड्या डोंगरावर त्यातलं फार थोडं मुरतं. बाकीचं सगळं घळींमधून एकाच ओढ्याकडे धावतं आणि पाणलोट लहान असेल तर काही मिनिटांत ओढा घोट्यापासून मांडीपर्यंत चढतो. तुमच्या डोक्यावर पाऊस नसतानाही हे होतं, कारण पाऊस वरच्या अंगाला पडत असतो. म्हणून नकाशावर वाट कुठे कुठे पाणी ओलांडते ते आदल्या दिवशीच मोजा. दोन ओढ्यांच्या मधल्या जागेत पाऊस वाढला तर तुम्ही पुढेही जाऊ शकत नाही आणि मागेही येऊ शकत नाही. पावसाचा अंदाज असताना अशी वाट निवडू नका.

जाताना ओढा ओलांडला की पाण्याच्या काठाला बरोबर लागून एक ओळखू येईल असा दगड ठेवा आणि फोटो काढा. पुढे गेल्यावर पाऊस वाढला आणि परत यावं लागलं, तर पाणी किती चढलंय हे तो दगड लगेच सांगतो. दगड दिसत नसेल तर अंदाज करत बसू नका, पाणी चढलंय.

ओलांडण्याआधी चार गोष्टी बघा. पाणी गढूळ झालंय का, त्यात फांद्या-पालापाचोळा वाहतोय का, तळाचे दगड गडगडल्याचा आवाज येतोय का, आणि खालच्या बाजूला धबधबा किंवा कडा आहे का? यातलं एकही 'हो' असेल तर पाण्यात उतरू नका. चारही उत्तरं 'नाही' असतील तर एक काठी पाण्यात टाका आणि तिच्याबरोबर काठाने चाला. काठी तुमच्या चालीपेक्षा पुढे गेली तर पाण्याला जोर जास्त आहे. गुडघ्याच्या वर आणि वेगात असलेलं पाणी धडधाकट माणसाला पाडतं. उतरायचंच ठरलं तर सॅकचा कमरेचा आणि छातीचा पट्टा सोडा, म्हणजे पडल्यावर सॅक टाकून देता येईल. बूट पायातच ठेवा. प्रवाहाकडे तोंड करून, काठीचा आधार घेत बाजूने सरका. दोर अंगाला बांधून कुणालाही पाण्यात पाठवू नका. माणूस पडला तर दोर ताणला जातो आणि प्रवाह त्याला पाण्याखाली दाबून धरतो.

आणि थांबणं हा एक खरा पर्याय आहे, तो नव्यांना सुचत नाही. लहान पाणलोटाचा ओढा जसा झपाट्याने चढतो तसाच पाऊस थांबल्यावर दोन-चार तासांत उतरूही शकतो. सॅकमध्ये कोरडे कपडे, खाणं आणि टॉर्च असेल तर उंच, सुरक्षित जागी थांबता येतं. नसेल तर माणसं घाईने पाण्यात उतरतात.

धुकं

धुक्यात ढोरवाटा मुख्य वाटेसारख्याच दिसतात, हा तिथला खरा त्रास. पठारावर तर कुठलीही दिशा सारखीच वाटते आणि कड्याची कड शेवटच्या क्षणी समोर येते. नकाशा ऑफलाइन उतरवून घ्या, वाटेचा ट्रॅक फोनमध्ये ठेवा, फोन आतल्या खिशात उबेला ठेवा आणि पॉवर बँक प्लास्टिकमध्ये गुंडाळा. ओल्या बोटांनी फोनची काच चालत नाही, हे घरी नळाखाली हात धरून एकदा बघा. म्हणजे कागदी नकाशा आणि होकायंत्र कशासाठी घ्यायचं ते पटेल. ते वापरायला येत नसेल तर दाट धुक्यात फक्त एकच सरळ, मळलेली, कड्यापासून दूर असलेली वाट निवडा. जाताना प्रत्येक फाट्यावर मागे वळून बघा आणि फोटो काढा, कारण परत येताना तो फाटा उलट्या बाजूने दिसणार असतो.

गारठा

बर्फ नाही म्हणजे गारठून जीव जात नाही, हा गैरसमज घातक आहे. तापमान दहा अंश, अंग भिजलेलं आणि वर वारा, एवढं पुरतं. पाणी त्याच तापमानाच्या हवेपेक्षा अंगातली उष्णता सुमारे २५ पट वेगाने वाहून नेतं. पाच अंशांना ताशी ४० किलोमीटर वारा असेल तर उघड्या त्वचेला उणे एक अंशासारखी थंडी लागते, तीही अंग कोरडं असताना. सुती कपडे आणि जीन्स भिजल्यावर ऊब धरत नाहीत. लोकर किंवा सिंथेटिक कपडे घाला आणि एक पूर्ण कोरडा जोड प्लास्टिकच्या पिशवीत बांधून सॅकमध्ये ठेवा. तो चालताना काढायचा नाही, थांबल्यावर किंवा अडचणीत काढायचा.

लक्षणं ओळखा. माणूस अडखळतो, शब्द चघळत बोलतो, चेन लावायला बोटं चालत नाहीत, आणि विनाकारण चिडतो किंवा एकदम गप्प होतो. 'मला काही नाही, चला' असं तोच सर्वांत ठामपणे सांगतो. त्याचं ऐकू नका. वाऱ्याच्या आडोशाला नेऊन ओले कपडे काढा, कोरडे घाला, जमिनीचा गारठा अंगाला लागू न देणारं काहीतरी खाली अंथरा, गिळता येत असेल तर गरम गोड पेय द्या. हातपाय चोळू नका. कुडकुडणारा माणूस गरम न होताच कुडकुडायचा थांबला तर प्रकरण गंभीर आहे, बचाव पथकाला फोन करा.

आता वाट ठरवा

एवढं कळल्यावर 'जावं की नाही' याचं उत्तर बहुतेक वेळा मधलं निघतं: तो डोंगर नको, हा डोंगर. म्हणून आदल्या रात्रीच दोन योजना लिहून ठेवा. दुसरी योजना लहान, खालच्या उंचीची, ओढा नसलेली आणि कुठूनही मागे फिरता येईल अशी असावी. ती आधीच ठरलेली असली की सकाळी कुणाला ट्रेक बुडाल्यासारखं वाटत नाही.

एक उदाहरण करून बघू. जाऊन-येऊन ११ किलोमीटरची वाट, ७५० मीटर चढ, मध्ये एक ओढा, शेवटचा अर्धा तास उघड्या धारेवर. अंदाज असा की सकाळी हलका पाऊस, माथ्यावर ३५ चे झोत, दुपारी दोननंतर गडगडाट. स्कॉटलंडचे गिर्यारोहक विल्यम नेस्मिथ यांनी १८९२ साली दिलेला हिशोब अजूनही कामाला येतो: दर पाच किलोमीटरला एक तास, शिवाय दर ३०० मीटर चढाला अर्धा तास. ११ किलोमीटरचे सव्वादोन तास, चढाचा सव्वा तास, म्हणजे साडेतीन तास. पण तो हिशोब चांगली वाट आणि चांगलं चालणारी माणसं धरून केलेला आहे. निसरडी वाट आणि नवा गट असेल तर मी त्यात निम्मा वेळ वाढवतो: सव्वापाच तास. थांबायला एक तास. एकूण सव्वासहा.

सकाळी साडेसहाला पायथा सोडला तर पाऊण वाजता खाली. वीज दोननंतर. कागदावर जमतंय, पण हातात फक्त सवा तास शिल्लक आहे आणि वादळ घड्याळ बघून येत नाही. एकाचा पाय मुरगळला तर तो सवा तास संपला. नव्या गटाने इथे धार सोडून द्यावी, ओढ्याच्या अलीकडच्या टेकाडापर्यंत जाऊन साडेदहाला मागे फिरावं. निघायलाच नऊ वाजणार असतील तर पूर्ण वाटेचा विचारही करू नये.

मागे फिरण्याच्या अटी घरीच लिहा, आकड्यांत आणि दिसणाऱ्या गोष्टींत. 'हवा फार बिघडली तर परतू' ही अट नव्हे, कारण 'फार' म्हणजे किती यावर वर पोचल्यावर वाद होतो. 'साडेदहा वाजले, किंवा एकही गडगडाट ऐकू आला, किंवा ओढा गुडघ्याला लागला, किंवा पुढचा माणूस धुक्यात दिसेनासा झाला, तर परत' असं लिहा आणि ग्रुपवर सगळ्यांना पाठवा.

हे लिहून का ठेवायचं? अमेरिकी संशोधक इअन मॅकॅमन यांनी हिमस्खलनात सापडलेल्या गटांचे निर्णय तपासले, तेव्हा काही सापळे पुन्हा पुन्हा दिसले: वाट ओळखीची आहे म्हणून निर्धास्त होणं, ठरवलंय म्हणून रेटत राहणं, गटातल्या एका जाणकारावर सगळं सोपवणं, दुसरे जातायत म्हणून आपणही जाणं. बर्फ नसलेल्या डोंगरावरही हे सापळे तसेच असतात. त्यात सुट्टी टाकलेली असते, गाडीचे पैसे भरलेले असतात, लांबून मित्र आलेले असतात. रात्री शांत डोक्याने लिहिलेला आकडा त्या वेळी उपयोगी पडतो.

निघायच्या सकाळी आणि पायथ्याला

सकाळी अंदाज पुन्हा बघा, रात्रीत तो बदललेला असतो. मनगटावर हवेच्या दाबावरून उंची दाखवणारं घड्याळ असेल तर एक सोपी तपासणी करा: तुम्ही जागचे हलला नसताना ते रात्रीत ४० मीटर 'वर' गेलेलं दिसलं, तर हवेचा दाब साधारण पाच हेक्टोपास्कलने उतरलाय. हवा बिघडत असल्याची ती खूण आहे.

पायथ्याला पोचल्यावर पाच मिनिटं नुसतं बघा. माथा ढगात आहे का, ढग किती वेगाने सरकतायत, ओढ्याचं पाणी कुठल्या रंगाचं आहे? तिथे राहणारं कुणी भेटलं तर 'वाट चांगली आहे का' असं न विचारता 'काल ओढ्याला पाणी किती होतं, वर दरड आलीय का' असं नेमकं विचारा. मग गटातल्या सगळ्यात कच्च्या माणसाकडे बघा. त्याचे बूट, त्याचं जॅकेट, त्याची झोप. योजना त्याला झेपेल तेवढीच. 'कुणाला नको वाटतंय का?' असं सगळ्यांसमोर विचारलं तर कुणी बोलत नाही, म्हणून नव्या माणसाला बाजूला घेऊन विचारा. एकाला जरी मनापासून नको वाटत असेल तर दुसरी योजना घ्या.

वाटेवर

प्रत्येक तासाला आणि प्रत्येक महत्त्वाच्या जागी, म्हणजे ओढा, खिंड, झाडी संपते ती जागा, थांबून लिहिलेल्या अटी वाचा. धारेवर चढायच्या आधी, झाडीच्या आडोशातच जॅकेट घाला, खा, पाणी प्या. वर वाऱ्यात यातलं काही धड होत नाही. एकही अट लागू झाली की परत, माथा दहा मिनिटांवर असला तरी. गटाचे दोन भाग करून 'दमलेले इथे थांबा, आम्ही जाऊन येतो' असं खराब हवेत कधीही करू नका. थांबलेले गारठतात आणि जाणारे वाट चुकले तर कुणालाच कुणाचा पत्ता राहत नाही.

अडकलात तर एका जागी, वाऱ्याच्या आडोशाला, ओढ्याच्या पात्रापासून वर थांबा. शिट्टीचे किंवा टॉर्चचे एका मिनिटात सहा संकेत, मग एक मिनिट शांतता, पुन्हा सहा, असा डोंगरातला मदतीचा संकेत आहे. उत्तर म्हणून तीन संकेत येतात. शिट्टी सॅकच्या पट्ट्यालाच बांधलेली असू द्या.

घरी असलेल्या एका भरवशाच्या माणसाकडे दोन्ही योजना, गटातल्यांची नावं आणि एक वेळ देऊन ठेवा: अमुक वाजेपर्यंत फोन आला नाही तर बचाव पथकाला कळव. योजना बदलली की रेंज असेल तिथून त्याला लगेच सांगा. खाली उतरल्यावर ओले कपडे बदलायच्या आधी पहिला फोन त्यालाच करा, नाहीतर तुम्ही चहा पीत असताना दुसरी माणसं तुम्हाला शोधायला त्याच पावसात वर निघालेली असतील.